चेन उजव्या बाजूला असते

ही सायकल मी पसंत केलेली नाही. मुलाने पुण्यात पोट कमी करण्यासाठी घेतली होती. पोट तसंच राहिलं आणि फ्लॅटमधली जागा कमी झाली, म्हणून त्याने ती गावाकडे येणाऱ्या एका टेम्पोत टाकून दिली. फोनवर म्हणाला, "बाबा, डोंगरात चालवायची सायकल हाये. पडवीत उभी करून ठेवा."

मी विचारलं, "डोंगर पडवीत हाये का?"

त्याने फोन आईला द्यायला सांगितला.

डोंगर आमच्याकडे आहे. मोताळ्याकडून बुलढाण्याकडे निघालं की जमीन एकदम उठून उभी राहते. मोठ्या रस्त्याला तिथे घाट आहे. माझ्या वरच्या वावराला घाट नाही, नुसती मुरमाची चढण आहे. आधी आमचं गाव सपाटीवर, मग माझ्या इवायाची वाडी, आणि वाडीतलं शेवटचं घर ओलांडलं की चढण लागते. इवाई म्हणजे माझ्या सुनेचा बाप. शेवटचं घर त्याचंच आहे. चढणीच्या माथ्यावर माझं वावर.

तिथे मी जन्मभर काळ्या सायकलीवर गेलो. पायथ्याशी उतरायचं, सायकल हातात धरून चढायचं, वर गेलं की पुन्हा बसायचं. मग गुडघ्याने नकार दिला. बसून पाय फिरवायला त्याची ना नव्हती, पण चढ चालायला तो तयार नव्हता. एके दिवशी चढणीवर मी आणि सायकल दोघंही आडवे झालो. मला काही लागलं नाही. लागलं नाही हे मी सगळ्यांना सांगितलं, पण ओट्यावर बसलेल्या इवायाने तोवर पुण्याला फोन करून टाकला होता.

पोळ्याला मुलगा आला. पुरणपोळी खाऊन झाल्यावर म्हणाला, "बाबा, वरचं वावर आता ठोक्यानं देऊन टाकू."

ठोक्याने देणं म्हणजे वर्षाचे पैसे आधी घ्यायचे आणि मग बांधावर उभं राहून आपल्या जमिनीत दुसऱ्याचं पीक पाहायचं.

"कोणाले?"

"मामाजी घ्याले तयार हायेत." मामाजी म्हणजे त्याचा सासरा. इवाईच.

"मी मेलो का?"

"मेले नाई, पडले. तुमाले वाटलं तं कोणी गाडीवर मागं बसवून नेईन ना वावरात. पाहून या."

दुसऱ्याच्या मागे बसून वावरात जाणारा माणूस तिथे पाहुणा असतो. मी पडवीकडे पाहिलं. सायकल तिथे उभी होती, टायरला गोट्या गोट्या, मधे जाड स्प्रिंग, हँडलवर आकडे.

"त्या सायकलीवर बसून चढण चढलो तं?"

मुलगा हसला. "पाय न टेकता?"

"पाय न टेकता."

"चाला मंग. दिवाळीले मी मागून येतो. चढले तं ठोक्याचं नाव काढणार नाई. पाय टेकला तं हरभरा मामाजी पेरतील."

सून स्वयंपाकघरात होती. एका बाजूला सासरा, एका बाजूला बाप. ती बाहेर आली नाही, पण भांड्यांचा आवाज थांबला.

मुलगा पुण्याला गेला, सून दिवाळीपर्यंत आमच्याकडे राहिली, आणि मी सायकल अंगणात आणली. आधी तिची सीट पाहिली. मुलाचं पोट का कमी झालं नाही ते मला तिथेच कळलं. त्या सीटवर बसताच येत नाही. मी ती काढली आणि काळ्या सायकलीची चामड्याची, खालून दोन स्प्रिंगांची सीट बसवली. दांडा बारीक होता, म्हणून पत्र्याची पट्टी गुंडाळून घट्ट केली. हे काम पाहून शेजारी म्हणाला, "शोभून नाई राह्यली." मी म्हटलं, "तुह्या दारात लावणार नाई."

पहिल्याच दिवशी ग्रामपंचायतीसमोर चेनने माझं धोतर ओढायला सुरुवात केली. मी थांबलो म्हणून थोडं उरलं. मी धोतर नेसतो. माझ्या वयाचे बरेच जण पायजम्यावर गेले, काही पॅन्टवरही गेले. मी गेलो नाही आणि जाणार नाही. काळ्या सायकलीला चेनवर पत्र्याचं झाकण होतं. डोंगराच्या सायकलीला ते नसतं, कारण धोतर नेसून डोंगर चढणारा माणूस कंपनीने पाहिलेला नाही.

मी मोताळ्याला बाजाराच्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडे गेलो.

"काका, ही गियरची सायकल हाये. हिले झाकण नसते."

"हिले असते."

"चेन इकून तिकडं सरकते काका. झाकण कुठं लावू?"

"चेन सरकू दे. धोतर सरकलं नाई पाह्यजे."

त्याने गोडेतेलाचा रिकामा डबा कापून झाकण केलं. छकड्याला लावलेला हिरवा रंग घरी उरला होता, तो मी दिला. काम पक्कं झालं. सायकल आता सायकलीसारखी दिसायला लागली.

मग स्प्रिंग. तिला शॉकर म्हणतात. पाय खाली दाबला की सीट खाली जायची. म्हणजे मी पाय दाबतो तो चाकासाठी, आणि अर्धा जोर स्प्रिंग खाऊन टाकते. नंतर तो ती परतही करायची, पण मला वर उडवून, ज्याची मला गरज नव्हती. सपाटीवर हे चालून जातं. चढावर तर मी खुर्चीत बसून उठाबशा काढत होतो.

बुलढाण्याला सायकलींचं एक मोठं दुकान आहे. मी सायकल पिकअपमध्ये टाकून नेली. दुकानवाला तरुण माणूस, एका हातात पाना आणि एका हातात फोन. त्याने सायकल पाहिली, सीट पाहिली, हिरवा डबा पाहिला आणि मग मला पाहिलं.

"काका, शॉकर बदलून टाकू. हवेवरचा येते. एकदम भारी."

"मले शॉकरच नको."

"मंग बिनाशॉकरची सायकल घ्या."

"सायकल हेच ठेवाची हाये."

"शॉकर काढला तं मधात काय ठेवू काका? हात?"

मी सायकल घेऊन परत आलो. घरी जुन्या वखराची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, पडून होती. वखर मोडला तरी पास मोडत नाही, तिने वर्षानुवर्षं माझी जमीन खरवडली आहे. ती मी मोताळ्याला नेली. वेल्डिंगवाल्याने तिचा तुकडा कापला, दोन टोकांना दोन भोकं पाडली आणि स्प्रिंगच्या जागी तो दोन बोल्टांत बसवून दिला. त्यानंतर मी पाय दाबला की सीट जागची हलत नव्हती. खड्डा लागला की तो थेट मणक्यात कळायचा, पण खड्डा कुठे आहे हे माणसाला कळायलाच पाहिजे.

टायरच्या बाबतीत दुकानवाल्याचा सल्ला होता की बारीक, गुळगुळीत टायर घाला, सायकल हलकी पळते. तो बाभळीच्या वाटेने कधी गेलेला नसावा. मी गोट्यांचेच टायर ठेवले आणि आत जुन्या ट्यूबची उभी चिरलेली पट्टी घातली. काटा पट्टीत अडकतो, ट्यूबपर्यंत जात नाही. पायडल मात्र त्याच्याकडूनच घेतले, रुंद, लोखंडी, खरखरीत. त्यावरून चप्पल घसरत नाही. चांगल्या वस्तूला मी नाही म्हणत नाही.

आता गियर. मुलाने फोनवर समजावून सांगायचा प्रयत्न केला. पुढे तीन चकत्या, मागे एकावर एक चकत्यांची चवड, चेन कुठून कुठे जाते. मी म्हटलं थांब. इंजिनावर लहान पुली आणि मळणीयंत्रावर मोठी पुली लावली की यंत्र हळू फिरतं पण पेंढी अडकत नाही. पुढे लहान, मागे मोठी. हे मला कळायला पुण्याहून फोन लागत नाही. पण मागची सगळ्यात मोठी चकतीसुद्धा माझ्या गुडघ्याला पुरत नव्हती, म्हणून मी पुन्हा बुलढाण्याला गेलो.

"याच्याहून मोठी हाये का?"

त्याने आतून एक चवड आणली. तिच्यातली मागची चकती लहान मुलाच्या भाकरीएवढी होती. "हे टाकलं तं चेन लांब लागन, अन् चेन ओढून धरणारा खालचा लटकन पण मोठा लागन."

"टाक."

वखराची पास त्याने हाताने हलवून पाहिली. मग म्हणाला, "धरून तं चांगलं राह्यलं." त्याने डबा काढून माझ्या हातात दिला, नवी चवड बसवली, चेन बसवली, सायकल टांगून फिरवून दाखवली. चेन पुढे सगळ्यात लहान चकतीवर उतरली, मागे भाकरीवर चढली. पायडल गरगर फिरत होतं आणि चाक निवांत चाललं होतं.

"आता भिंत चढन," तो म्हणाला. "फक्त तो डबा आता लावू नका काका. मी सांगून राह्यलो."

मला वाटलं शोभेचं बोलतो आहे. घरी येऊन मी डबा लावला. हलायला नको म्हणून आतल्या बाजूने जरा जास्तच आवळला.

सोयाबीन निघायच्या आधी मी एकदा चढण करून पाहायचं ठरवलं. वाडीत शिरताना मला घाई होती, कारण पायथ्याशी थोडा वेग हातात असला तर पहिला टप्पा फुकट निघतो. पण शेवटचं घर इवायाचं आहे आणि इवाई ओट्यावर असतो.

"या इवाई, चहा घ्या."

इवायाच्या चहाला नाही म्हणता येत नाही. निदान थांबून नाही म्हणावं लागतं. मी थांबलो, नाही म्हटलं, त्याने पुन्हा म्हटलं, मी म्हटलं परत येताना घेतो. वेग गेला. हे तो मुद्दाम करतो की काय, असं माझ्या मनात आलं. मी थांबल्या जागेवरूनच चढणीला लागलो. अंगठ्याने खटका दाबला, हँडलवरच्या काट्याने एक दाखवलं. एक म्हणजे सगळ्यात लहान. मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

वळणावरच्या उंबरापर्यंत गेलो. तिथे छाती भरून आली, गुडघा कुरकुरला आणि पाय टेकला.

खाली इवाई उभा होता. तो आत गेला, बाहेर आला आणि चहाचा गिलास हातात घेऊन चढण चढायला लागला. चालत. चहा सांडू न देता. उंबराखाली येऊन त्याने गिलास माझ्या हातात दिला आणि सायकलीभोवती एक चक्कर मारली.

"चकती नवी?"

"हाव."

"पायडल नवं. चेन नवी." त्याने वखराच्या पासेवर बोट वाजवलं. "सारं नवं टाकलं इवाई, मानूस तेवढा जुनाच ठेवला."

मी चहा प्यायलो. चहात साखर जास्त होती.

"काऊन एवढा तरास घेता? म्या काय परका हाव का?" तो म्हणाला. "तुमच्याच पोराच्या नावचं वावर. मी पेरलं काय अन् तुमी पेरलं काय."

"तुमी पेरलं तं तुमचं पीक दिसन."

"मंग?"

"मले माझं पाहाची सवय हाये."

त्याने रिकामा गिलास घेतला आणि खाली गेला. तो वाईट माणूस नाही. त्याची जमीन कमी आहे आणि मुलं कामाला तयार आहेत. माझं वावर त्याला रोज दिसतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही ओट्यावरच बसलो असतो.

त्यानंतर घरी माझ्याकडे पाहण्याची पद्धत बदलली. सून मला न विचारता दूध द्यायला लागली. बायको मला पाण्याची बादलीही उचलू देईना. मी सायकल अंगणात उलटी केली, सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं आभाळाकडे, आणि हाताने पायडल फिरवत बसलो. बायको पलीकडे सुपात उडीद निवडत होती.

"थे काय वाजून राह्यलं?" तिने विचारलं.

"काई नाई वाजत."

"खट वाजते. मंग पुन्हा खट."

"गियर हाये. गियर वाजते."

ती सूप ठेवून जवळ आली आणि वाकून पाहायला लागली. "फिरवा. आता दाबा तुमचा खटका." मी दाबला. "साखळी आत सरकाले पाह्यते, डब्यावर आपटते, अन् परत जागेवर जाऊन बसते."

"तुले काय समजते त्यातलं?"

"वाजते थे समजते."

ती परत उडदाकडे गेली. मी डब्याचे बोल्ट सोडले आणि आतून पाहिला. हिरवा रंग एका जागी पार घासून गेला होता, खालचा पत्रा चमकत होता. म्हणजे काटा एक दाखवत होता आणि चेन पुढच्या लहान चकतीवर एकदाही उतरली नव्हती. मी उंबरापर्यंत गेलो होतो तो मधल्या चकतीवर. हे कळल्यावर मला माझ्या गुडघ्याबद्दल जरा बरं वाटलं.

डबा काढला तर चढण निघेल, हे नक्की झालं. पण डबा काढला तर धोतर चेनमध्ये जाईल, हेही नक्की होतं.

"पोराची काळी पॅन्ट पेटीत हाये," बायको म्हणाली. "नाडीची हाये. तुमाले बसन."

मी डब्याचे बोल्ट मोजायला लागलो.

"मंग धोतर वर खोवा. वावरात खोवताच ना."

वावरात खोवतो. वावरात सगळेच खोवतात. पण वावराच्या आधी इवायाचं दार आहे. सोयऱ्याच्या दारासमोरून उघड्या पोटऱ्यांनी जात नाहीत. माझा बाप जात नव्हता, मी जात नाही. इवाईही माझ्याकडे येताना गावाच्या वेशीवर थांबतो, धोतर घोट्यापर्यंत सोडतो, टोपी नीट करतो आणि मग गावात शिरतो. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. ज्या माणसाला आपण वावर द्यायचं नाही म्हणतो, त्याच्यासमोर तर अजिबात असं जाता येत नाही.

सोयाबीन काढणीला आलं, निघालं, पोत्यात भरलं, आणि मी त्या सगळ्या कामात हाच विचार करत होतो. सायकल डब्याशिवाय पडवीत उभी होती. येता जाता मी तिच्याकडे पाहायचो. एकदा उजव्या बाजूने पाहिली आणि तिथेच थांबलो. चेन उजव्या बाजूला असते. प्रत्येक सायकलीची उजव्याच बाजूला असते. आणि चढणीकडे जाताना इवायाचं घर डाव्या हाताला आहे.

मी जुन्या ट्यूबची एक रुंद पट्टी कापली. धोतराचा उजवा सोगा गुडघ्याच्या वर खोवून पट्टीने बांधला. डावा घोट्यापर्यंत नीट सोडला. दोन्ही पाय एकाच वेळी सोयऱ्याला दिसले पाहिजेत, असं कोणत्याही रिवाजात नाही. बायकोने मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाली, "डाव्या अंगानं सरपंच दिसता." उजव्या अंगाने काय दिसतो ते तिने सांगितलं नाही.

तलावाच्या पाळूवर, म्हणजे मातीच्या बांधाच्या चढावर, जाऊन मी हे करून पाहिलं. चेन लहान चकतीवर उतरली, भाकरीवर चढली. इतका हळू चाललो की एक बकरी माझ्या पुढे निघून गेली, पण पाय टेकला नाही.

दिवाळीला मुलगा आला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकलवर माझ्या मागे निघाला. त्याने माझं धोतर पाहिलं, तोंड उघडलं, आणि मग हेल्मेटची काच खाली केली.

वाडी आली. मी डावा पाय जरा जास्तच दिसेल असा धरला. पण ओटा रिकामा होता. इवाई त्या दिवशी रस्ता ओलांडून पलीकडे गोठ्याशी, ढोरांच्या हौदावर बसला होता, चढण नीट दिसावी म्हणून. म्हणजे माझ्या उजव्या हाताला.

मला धोतर सोडायला वेळ नव्हता. मी सरळ पुढे पाहिलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की इवायाने माझा पाय पाहिला, गुडघ्यापर्यंत पाहिला, आणि जुन्या वळणाच्या माणसाने करावं तेच त्याने केलं. त्याने तोंड फिरवलं. गोठ्याच्या भिंतीकडे पाहत बसला. चहाचं आमंत्रण भिंतीकडे पाहून देता येत नाही. मी वेगात होतो तसाच चढणीला लागलो.

खटका दाबला. या वेळी आवाज आला नाही. पाय एकदम हलके झाले. उंबर आला तेव्हा माझा श्वास जोरात चालला होता, पण माझाच होता. उंबराच्या पुढे मुरूम सुटा आहे, तिथे मागचं चाक थोडं घसरलं आणि टायरच्या गोट्यांनी पुन्हा धरलं. गुडघा बोलत होता. मी त्याला बोलू दिलं.

मागे मोटरसायकल गुरगुरत होती. मी ज्या वेगाने चाललो होतो त्या वेगाने ती चालत नाही. मुलाने आधी क्लच धरला, मग सोडला, मग गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. शेवटच्या वळणावर तर तो दोन्ही पाय जमिनीवर ठेवून गाडी रेटत होता.

मी बांधापाशी पोचलो, बोरीच्या झाडाला हात लावून उतरलो. खरं सांगायचं तर बोरीने मला उतरवलं. मुलगा थोड्या वेळाने आला. घामाघूम.

"एवढं हळू कोणी चालवते का," तो म्हणाला.

"पाय कोणाचे टेकले?"

त्याने हेल्मेट काढलं. "माहे."

इवाई मागून चालत वर आला. आल्याबरोबर आधी दुसरीकडे पाहून म्हणाला, "इवाई, पट्टी सोडा आता." मी ट्यूबची पट्टी सोडली, धोतर घोट्यापर्यंत घेतलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. आम्ही राम राम घातला.

"मी चढताना पाह्यलं नाई," तो म्हणाला.

"मामाजी, मी पाह्यलं," मुलगा म्हणाला. "चढले थे."

इवायाने मान हलवली. वावराकडे पाहिलं, बराच वेळ. सोयाबीनचा भुसा अजून जागोजागी पडलेला होता. "वखर तरी मारून देऊ का पोराईले सांगून?" त्याने विचारलं. "ठोका नाई. असंच."

"असंच नको. मजुरी घेतली तं मारा."

"घेईन," तो म्हणाला.

मुलगा बांधावर बसला. "अन् पुढच्या साली?" त्याने विचारलं. "गुडघा काय पुढच्या साली नवा होणार हाये का?"

"पुढच्या साली याच्याहून मोठी चकती येते म्हणते तो दुकानवाला."

दुकानवाला असं काही म्हणालेला नाही. मुलाने माझ्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं, आणि मग हरभरा कोणता पेरायचा ते विचारलं.